वाघाला कोणत्या पक्षाचं तिकीट

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची व्यवस्था माझ्याकडे आहे. रेशन कधी येणार, पाणी किती वाजता सुटणार, कोणाचा नंबर बदलला, सगळं मीच टाकते. कामं वेळेवर आणि नीट झालेली मला आवडतात.

मोहाची फुलं गळतात त्या दिवसांत आमच्याकडे घरटी कोणीतरी उजाडायच्या आधी टोपली घेऊन जंगलात जातं. उशीर झाला तर फुलं गुरं खातात. वाकून वेचणाऱ्याला वाघ दिसत नाही आणि वाघाला तो माणूस वाटत नाही. म्हणून आमच्या पंचायतीची एक तरुण सदस्य पहाटे ग्रुपवर निरोप टाकायची. तिला वनरक्षकाचा फोन यायचा. "तलावाकडे वाघ हाये. आज तिकडे मोहा वेचाले जाऊ नका." खाली तिचं नाव आणि वॉर्ड.

ते नाव वाचलं की मला निवडणूक दिसायची. आमच्या भागात फलक आधी लागतो, डांबर मागून येतं. कोणी काही चांगलं केलं की त्यात मत शोधायची सवयच लागली आहे. एका सकाळी चहा उकळताना मी लिहिलं, "वाघाले कोन्त्या पक्षाचं तिकीट भेटलं म्हनते?"

हसणारे चेहरे धडाधड आले. एकाने लिहिलं, "वाघ अपक्ष हाये बाई. निवडून आला का जाते सत्तेत." मला वाटलं, छान जमलं. पुढेही तिचा निरोप आला की मी काहीतरी टाकायचे. मग निरोपच थांबले, आणि ग्रुप सांभाळणाऱ्या मला ते कळलंही नाही.

एका सकाळी माझी मोठी जाऊ तलावाकडून पळत आली. टोपली तिकडेच, चप्पल एकाच पायात. ती वेचत होती त्याच झाडापलीकडून वाघ उठला होता.

"ग्रुपवर काऊन नाई आलं?" ती मला विचारत होती. "तू तं रोज पाह्यते ना?"

आमच्या टोल्यावरून, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीवरून, मी तडक गावात त्या सदस्याच्या घरी गेले. ती अंगण झाडत होती. "आज सांगितलं काऊन नाई?" मीच वर तोंड करून विचारलं.

"सांगितलं ना बाई. दारोदारी सांगत आली. तुमच्या टोल्यावर पोचली तं जाऊबाई निंगून गेल्या होत्या, अन् तुमचं दार लागलेलं होतं." झाडू थांबला नाही. "ग्रुपवर टाकलं का लोक हासतेत. मंग खरा वाघ असला तरी त्याइले प्रचारच वाटते."

घरी येऊन मी ग्रुपवर माफी मागितली. चूक माझी आहे, पहाटेच्या निरोपावर कोणी हसू नये, असं स्वच्छ लिहिलं. पहिलं उत्तर लगेच आलं, "बाई, आता तुमीबी निवडणुकीत उभ्या राहून राह्यल्या का?" त्याखाली हसणारे चेहरे. माणसं तीच, माझ्या विनोदांना हसणारी.

आता तिला फोन आला की ती मला उठवते. तिची आळी ती करते, आमचा टोला मी. दार वाजवायचं, "आज तलावाकडे नाई" म्हणायचं, पुढे जायचं. माझी जाऊ त्या दिवसानंतर जंगलात गेलेली नाही. तरी पहिलं दार मी तिचंच वाजवते.