उपासाचं मीठ

निरोप मिळताच मी हॉस्पिटलात धावले. डॉक्टरांनी माझ्यासमोर ह्यांच्या दंडाला पुन्हा पट्टी बांधली, पाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाय ब्लडप्रेशर है." कुणी शिवी दिल्यासारखे आमचे हे त्यांच्याकडे बघत राहिले.

हाय ब्लडप्रेशर म्हणजे रक्ताचा दाब वाढणं. एकोणीसशे अठ्ठावन्न साल होतं. हवालदार म्हणून हे जयपूरच्या छावणीत रिक्रूटांना कवायत शिकवत. डोकं वर्षभर दुखत होतं. मी म्हणायचे, दिवसभर ओरडल्यावर दुसरं काय होणार! वार्षिक तपासणीला ऐटीत गेले, ते खाटेवरच अडकले.

दोन महिन्यांनी मेडिकल बोर्ड होतं, म्हणजे तीन डॉक्टरांपुढे हजेरी. तोवर दाब उतरला नाही तर फौजेतूनच डिस्चार्ज. सतराव्या वर्षी भरती झालेला हा माणूस. "वर्दी उतरली तर मी करू काय?" एवढंच म्हणाले. दुखण्यापेक्षा मला त्या पडलेल्या आवाजाची भीती वाटली.

सर्पगंधेच्या गोळ्या, आराम आणि बिनमिठाचं जेवण. तीन आठवड्यांत दाब उतरला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बजावलं, मीठ बंद. टांग्यातून आम्ही वरातीसारखे क्वार्टरवर आलो.

मीठ बंद म्हणजे बंद. बरणी मी शेजारणीला देऊन टाकली. लोणचं नाही, पापड नाही. मग आमटीत घालायचं काय? सैंधव! चतुर्थीच्या उपासाला चालतं, ते मीठ कसं असेल? जयपूरच्या बाजारात त्याचे गुलाबी खडे हवे तेवढे मिळत. हे बोटं चाटून जेवत आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेई.

पंधरा दिवसांनी तपासलं, तर दाब पुन्हा होता तिथेच. डॉक्टर चिडले, चोरून खाता म्हणाले. ह्यांनी आईची शपथ घेतली. मग मला आत बोलावून डॉक्टरांनी सकाळच्या चहापासून काय काय शिजतं ते विचारलं. सांगता सांगता सैंधवाचं नाव आलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"बहनजी, सेंधा नमक भी नमक ही है. उपवास भगवान के लिए है, खून को क्या मालूम?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. नवऱ्याची वर्दी मीच उतरवायला निघाले होते. बाहेरच्या बाकावर बसून रड रड रडले. आणि हे? हे चक्क हसत होते, महिन्याभरात पहिल्यांदा. "पलटणीत कुणाला सांगू नकोस," म्हणाले, "बायकोनं भक्तिभावानं आजारी पाडलं म्हणून."

माझी शेजारीण जयपूरजवळच्या चौमूं गावची. तिनं मला काचरी दाखवली, तिकडच्या आंबट फळाची वाळवून केलेली पूड. काचरी, लिंबू, भाजलेलं जिरं यांवर मी स्वयंपाक नव्यानं शिकले. पहिला आठवडा हे मुकाट्यानं गिळत. दुसऱ्या आठवड्यात भाजी परत मागितली, तेव्हा मला कोण आनंद झाला! रोज सकाळी दोघं फिरायला जाऊ लागलो. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण इतक्या गप्पा आम्ही कधी मारल्या नव्हत्या.

तुमच्या घरी हे दुखणं आलं तर घाबरू नका. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडू नका. आणि डॉक्टरांना नुसतं "मीठ देत नाही" असं सांगू नका, पातेल्यात काय काय पडतं ते सगळं सांगा. लाज वाटली तरी सांगा.

बोर्डाच्या दिवशी मी व्हरांड्यात बसले होते. हे कागद घेऊन बाहेर आले, चेहरा परेडवरचा, काही कळेना. मग इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागले. दाब उतरला आहे. कवायत बंद, स्टोअरचं काम द्यावं. नोकरीत ठेवण्यास हरकत नाही. शेवटची ओळ मात्र त्यांनी सावकाश वाचली: "घरी पथ्य नीट सांभाळलं जातं. पत्नीला सगळं समजतं."

मी म्हटलं, पुन्हा वाचा.

त्यांनी पुन्हा वाचलं, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.