निवासी भागातली झाकणं

माझ्या सासूबाई झाकणं विकतात. भांडी नाहीत, नुसती झाकणं. लग्न ठरलं तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यात फसवणूक काही नव्हती. तेव्हा धंदा सुरूच व्हायचा होता.

सुरुवात झाली ती किटलीपासून. सासऱ्यांच्या हातून सासूबाईंच्या आवडत्या किटलीचं झाकण फुटलं. सासरे समजुतीने म्हणाले, "नवी किटली आणू."

"किटलीला काय धाड भरलीये?" सासूबाई म्हणाल्या. "टोपी हरवली म्हणून कुणी माणूस बदलतं का?"

आणि त्या तडक भंगारवाल्याकडे गेल्या. त्याच्याकडे कोपऱ्यात एक पोतं होतं, त्यात नुसती झाकणं भरलेली. भांडी फुटली, वितळवली गेली, झाकणं मागे राहिली. तो एकेक उचलून बघू देईना. घ्यायचं तर पोतं घ्या, म्हणाला. सासूबाईंनी पोतं घेतलं. किटलीला एक झाकण बेताचं बसलं आणि बाकी सगळी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली जाऊन बसली. ती जावीत म्हणून माझ्या नवऱ्याने त्यांचे फोटो काढून ऑनलाइन टाकले. खाली सहज लिहिलं, 'भांडं शोधत आहे.'

चार दिवसांत लोकांची रीघ लागली. कुणाला बरणीचं हवं, कुणाला साखरदाणीचं, कुणाला सासूच्या वापरातल्या पातेल्याचं, तेही सासूला कळायच्या आत. बिनझाकणाच्या भांड्यांची एवढी मोठी लोकसंख्या जगात गुमान नांदत असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. सासूबाईंना मात्र वाटलं होतं. "फुटतं ते झाकणच," त्या म्हणाल्या. "पडतं तेच आधी."

वर्षभरात झाकणं ओट्याखालून निघाली आणि घर बळकावत गेली. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक टोपली. व्हरांड्यात पोती. पत्रपेटीवर सासूबाईंनी लाल रंगाने 'येथे झाकणे मिळतील' असं लिहिलं. पार्सलं बांधायला माझे दीर रोज येऊ लागले. ते सडेफटिंग, गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत एकटे राहायचे आणि त्या एकटेपणाला फार जपायचे. दुपारी पार्सलं न्यायला कुरिअरची गाडी यायची. आमच्या फाटकापुढे गटाराचं झाकण असल्यामुळे ती समोरच्या फाटकापुढे उभी राहायची.

समोर राहायचे कलमराव. नाव अर्थात आम्ही ठेवलेलं. उभा जन्म त्यांनी कोर्टात कारकुनी केली होती आणि निवृत्त झाल्यावरही ते साधं बोलायचे नाहीत, कलम सांगायचे. गाडी तिसऱ्यांदा फाटकापुढे दिसली तसे ते व्हरांड्याच्या पायरीशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, हा भाग निवासी आहे."

"हो ना, आम्ही राहतोच की इथे," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही राहता. झाकणं राहतात का?"

सासूबाईंनी मागे वळून पोत्यांकडे पाहिलं. "बरीच वर्षं राहतील असं दिसतंय."

कलमराव गेले आणि पुढच्याच आठवड्यात पालिकेचे निरीक्षक आले. सडपातळ, नम्र माणूस. बगलेत मोजपट्टी आणि चेहऱ्यावर सकाळपासून शिव्या खाल्ल्याची कळा. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं तेव्हा ते जरा गोंधळलेच.

"तक्रार आहे," ते म्हणाले. "घरातून धंदा करायला बंदी नाही. पण निवासी भागात त्याला अटी असतात. धंदा घराच्या पाव भागात मावला पाहिजे. बाहेर पाटी नको. उघड्यावर माल नको. गिऱ्हाईक दारात यायला नको. आवाज नको. आणि बाहेरचा माणूस कामाला नको."

प्रत्येक 'नको'ला सासूबाई मान डोलवत होत्या आणि प्रत्येक 'नको' आमच्या घरात डोळ्यांसमोर हजर होतं. सासरे सावकाश उठले आणि पत्रपेटीपुढे पाठ करून उभे राहिले. त्यांना वाटलं, झाकलं जाईल.

"बाहेरचा कुणी नाही," पार्सल बांधणाऱ्या दिरांकडे बोट करत सासूबाई म्हणाल्या. "हा माझा मुलगा."

"इथे राहतो?"

"जीव इथेच असतो त्याचा."

"जिवाचं नाही विचारत," निरीक्षक म्हणाले. "अंथरूण कुठे असतं?"

शेवटी महिन्याभराची मुदत मिळाली. मला वाटलं, संपलं आता. पण सासूबाईंना त्या अटी ऐकून उलट हुरूपच आला. इतके दिवस कोणी 'पसारा आवर' म्हणालं की त्यांना राग यायचा. पालिकेने म्हटल्यावर ती गोष्ट सरकारी झाली.

पत्रपेटी रंगवली. व्हरांडा रिकामा केला. माजघर हा घराचा बरोबर पाव भाग निघाला, पण त्यात सगळी झाकणं काही मावेनात. सासूबाई त्या खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि वर बघू लागल्या.

"पाव भाग म्हणजे जमिनीचा ना? भिंतींबद्दल तो काही बोलला नाही."

मग भिंतींना खिळे ठोकले, आढ्याला तारा बांधल्या आणि झाकणं टांगली. दिसायला ते फार सुंदर दिसत होतं, हे खोटं नाही. पण रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की अख्खी खोली वाजायची. पितळेची ठणाठण, काचेची किणकिण. आणि आवाज तर नको होता. त्यावर उपाय सासऱ्यांनी काढला. जुन्या स्वेटरची लोकर उसवून ते प्रत्येक झाकणाच्या काठाला छोटासा गळपट्टा विणू लागले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना कामावर जाण्यासारखं काही मिळालं होतं. जेवायला हाक मारली की म्हणायचे, "ही शिफ्ट संपली की येतो."

राहता राहिले दीर.

"अरे, सामान घेऊन ये," सासूबाईंनी त्यांना सांगितलं.

"आई, मी काम सोडतो, पण खोली सोडत नाही."

"काम सोडून खाशील काय?"

दुसऱ्या दिवशी दीर आले. सोबत एक गादी, एक व्यायामाची सायकल आणि चेहऱ्यावर तुरुंगात निघालेल्या माणसाचा भाव. व्यायामाची सायकल माजघरात ठेवता येईना, कारण ती धंद्यात मोजली गेली असती. ती आमच्या खोलीत आली. पहाटे पहाटे दीर आमच्या दारावर टकटक करायचे, "वहिनी, सायकल मोकळी आहे का?" आणि माझा नवरा उशीत तोंड खुपसून म्हणायचा, "दे ना त्याला, घरदार त्याचंच आहे."

महिन्याने निरीक्षक आले, मोजून गेले, गळपट्टे घातलेल्या झाकणांकडे बराच वेळ बघत राहिले आणि 'ठीक आहे' एवढंच म्हणाले. कलमराव खिडकीत उभे होते. त्यांच्या तोंडावर विजय नव्हता, पराजयही नव्हता. कायदा पाळला गेला होता आणि आता दुपारी त्यांना बघायला काही उरलं नव्हतं.

मग एक किटलीवाला म्हातारा आला.

दूरवरून दोन बस बदलून आला होता. काखेत किटली, तीही बायकोची. बायको हयात होती, म्हणून घाई. सासूबाईंनी त्याला पाहुणा म्हणून बसवलं, चहा दिला, किटलीचं तोंड मापलं. बसेल असं झाकण मागच्या भिंतीवर लटकत होतं. म्हाताऱ्यालाही ते दिसत होतं.

"देता येत नाही," सासूबाई अगदी कळवळून म्हणाल्या. "गिऱ्हाईक दारात चालत नाही. तुम्ही मोबाइलवरून मागवा, मी तुमच्या घरी पाठवते."

"माझ्याकडे मोबाइल नाही."

"मुलाकडे असेल?"

"मुलाकडे आहे, पण मग बायकोला कळेल."

म्हातारा उठला, रस्ता ओलांडला आणि थकून कलमरावांच्या पायरीवर बसला. आम्ही पडद्याआडून बघत होतो. कलमराव बाहेर आले. काही बोलणं झालं. त्यांनी चष्मा लावला, खिशातून मोबाइल काढला आणि जवळजवळ अर्धा तास त्यात काहीतरी खुडबुड केली. आमच्याकडे ऑर्डर आली. पत्ता समोरच्या घराचा. दीर पार्सल बांधून रस्ता ओलांडून देऊन आले.

"नियमात बसतं," पार्सल घेत कलमराव म्हणाले. "मी विचार केलाय."

म्हाताऱ्याने आपल्या गावात काय सांगितलं कोण जाणे. पण मोबाइल न वापरणारी माणसं आणि मोबाइल मुलांच्या ताब्यात असलेली माणसं, सगळी कलमरावांच्या पायरीवर यायला लागली. काखेत बरण्या, पिशवीत पातेली. कलमराव त्यांना रांगेत बसवायचे, एकेकाला पुकारायचे, उशिरा येणाऱ्याला परत पाठवायचे. कोर्ट सुटल्यापासून ते इतके टवटवीत कधी दिसले नव्हते. कलमकाकू मात्र दिवसभर चहा करून मेटाकुटीला आल्या.

आणि एके दिवशी निरीक्षक पुन्हा आले. यावेळी समोरच्या फाटकापाशी थांबले. तक्रार कलमरावांविरुद्ध होती. सासूबाई शपथेवर सांगत होत्या की मी नाही केली, आणि ते खरंच होतं. तक्रार कलमकाकूंनी केली होती.

निरीक्षकांना प्रकरण वाढवायचं नव्हतं. "तुम्ही काही विकत नाही, मोबदला घेत नाही. धंदा होत नाही हा."

"होतो," कलमराव म्हणाले.

"नाही होत."

"गिऱ्हाईक दारात येतं की नाही? मग अट मोडली. मी कारवाईला तयार आहे."

"पण साहेब, मी तयार नाही," निरीक्षक हताश होऊन म्हणाले. एवढा प्रामाणिक आरोपी त्यांच्या नोकरीत पहिलाच असावा.

तोडगा शेवटी सासूबाई आणि कलमकाकूंनी आमच्या व्हरांड्यात बसून काढला. बाजाराच्या टोकाला, जिथे दुकानं चालतात, तिथे एक अरुंद गाळा भाड्याने घेतला. बाकी झाकणं आमच्याच घरी, ऑनलाइन धंदाही घरूनच. गाळ्यात फक्त काही टोपल्या झाकणं, दारी येणारं गिऱ्हाईक आणि कलमराव. ते सकाळी डबा घेऊन जातात आणि संध्याकाळी थकून येतात. भांडं सोबत आणलं नसेल तर गिऱ्हाइकाशी बोलत नाहीत. 'साधारण एवढं' असं हाताने दाखवणाऱ्याला तर ते बाहेरच काढतात. विक्री फार होत नाही. सासूबाई काही म्हणत नाहीत.

दीरांना आम्ही सांगितलं, की भावोजी, आता पार्सलांपैकी निम्मं काम गाळ्यात हलवता येईल, तिथे बाहेरचा माणूस चालतो. तुमच्या खोलीवर परत जायचं असेल तर जा. ते सायकलवरून उतरले, घाम पुसला आणि म्हणाले, "बघू. घाई काय आहे?" त्यांची खोली घरमालकाने केव्हाच दुसऱ्याला दिली होती, हे आम्हाला पुढे कळलं. ती त्यांनी स्वतःच सोडली होती, हे त्याच्याही नंतर.