घरी शिवलेलं हलकं सामान

शिवताना चिंध्या उरतात, तसे किस्सेही उरतात. फेकवत नाहीत आणि कशाला जोडताही येत नाहीत. आमच्या तिघांकडे त्यांचं गाठोडंच झालंय.

तिघं म्हणजे मी, सातपूरला कंपनीत असलेला मिलिंद आणि शाळेत शिकवणारी वैशाली. पन्नाशी आली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी गड सुटेनात. मिलिंद म्हणाला, "गुडघे राहू दे, सामान बदलू. तंबू, पांघरूण, सॅक, सगळं हलकं. आणि स्वतः शिवायचं!"

तिघांपैकी एकालाही धड बटण लावता येत नव्हतं.

*

कापडासाठी मालेगाव गाठलं. दुकानदाराने पातळ नायलॉन पुढ्यात टाकलं.

"काय शिवायचंय?"

"तंबू. डोंगरावर झोपायला."

त्याने आमचे पिकलेले केस बघितले आणि हळूच विचारलं, "घरवालों ने निकाल दिया क्या, साहब?"

*

वैशालीने सॅक शिवायला घेतली. नायलॉन मशीनखालून साबणासारखं सटकायचं, पण बाई हट्टी. रविवारभर बसून तिने सगळ्या बाजू पक्क्या शिवल्या. तोंडाचीसुद्धा!

सासूबाईंनी सॅक उलटीसुलटी करून बघितली. म्हणाल्या, "बरं झालं. आता बसा घरी."

*

मिलिंदने तंबूचं कापड सटकू नये म्हणून जागोजागी टाचण्या मारल्या. प्रत्येक टाचणीचं एक भोक, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याची बायको सुनीता चहा घेऊन आली, तिने कापड उचलून ट्यूबलाइटसमोर धरलं आणि खुदकन हसली.

"छान! तारे बघायला बाहेर यायला नको!"

सगळं कापड वाया गेलं. तरी त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो.

*

मग सुनीताचं दुखणं निघालं. केमोनंतर तिला अंगावर काहीच सहन होईना, साधी चादरही टोचायची. मिलिंदने स्वतःसाठी शिवायला घेतलेलं हलकं पांघरूण घाईघाईत पुरं केलं. टाके वाकडे, एक कोपरा उसवलेला. तेच तिच्या अंगावर घातलं. मी तिथेच खुर्चीत होतो.

थोड्या वेळाने डोळे मिटूनच तिने विचारलं, "घालतोयस ना?"

"कधीच घातलंय."

तिने हाताने चाचपून बघितलं.

"अरे, मग जमलं की तुला!"

दिवाळीच्या आधी ती गेली.

*

त्यानंतर मिलिंद फोनच उचलेना. घरी गेलो तर दारातूनच "बरा आहे" म्हणायचा. मग एक दिवस त्याचाच फोन आला. "पक्या, तंबू झाला शिवून. साल्हेरला येतोस?"

वैशालीच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून आम्ही दोघंच निघालो. नामपूरला चहा घेतला. गडावर पोचल्यावर त्याने तंबू उभा केला. चांगला दोन माणसं ऐसपैस झोपतील एवढा! शेजारी मी माझं कापडी छप्पर ताणून बांधलं.

संध्याकाळी वारा सुटला. माझं छप्पर टर्रकन मधोमध फाटलं आणि वरून पाऊस. मी भिजत त्याच्या तंबूपाशी गेलो, चेन ओढली. मिलिंद एका कडेला, भिंतीला चिकटून, अंग चोरून पडला होता. शेजारी सुनीताचं ते उसवल्या कोपऱ्याचं पांघरूण नीट पसरलेलं.

"मिल्या, सरक जरा."

त्याने माझ्याकडे बघितलं.

"जागा नाही रे," तो म्हणाला.