कुंडमच्या बसगाड्या आणि आमचे घाटे सर

तरीही मी म्हणतोच, सरांनी तेव्हा पैसे घ्यायला हवे होते. जबलपूरहून कुंडमला जाणाऱ्या बसांच्या वेळा दाखवणारी आमची वेबसाइट विकत घ्यायला एक कंपनी घरी चालत आली होती. सरांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवले. त्यावरून आमचे जे वाजले, ते मी हैदराबादला नोकरीला आलो तरी फोनवर चालूच आहे. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथातही तेच लिही, असे खुद्द सरांनी सांगितले, म्हणून लिहितो.

श्री. दिगंबरराव घाटे, म्हणजे फॅक्टरीतून निवृत्त झालेले आमचे घाटे सर. ओळख झाली तेव्हा मी जबलपुरातल्या गोहलपुरात राहून पार्सलं पोचवायचो. शाळा नववीतच सुटलेली. सदर भागात त्यांच्या घरी एक खोकं द्यायला गेलो, तर सर टेबलाखाली शिरलेले. तिथूनच म्हणाले, "भैया, जरा ही वायर धर." मी धरली. मग काकूंनी पोहे दिले आणि माझे जाणे-येणे सुरू झाले.

जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून त्याचा बसांच्या साइटसाठी वेब सर्व्हर करायचा, हे काम सरांनी माझ्याच हातून करून घेतले. पान घरात उघडायचे, बाहेरून उघडत नव्हते. मी वैतागून सगळे पुसायला निघालो.

सर म्हणाले, "काहून पुसून राहिला? चालू आहे ना ते. बाहेरच्याला आत यायला वाट ठेवली का, ते पाहा."

फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांना अडवणाऱ्या पहाऱ्यात, वाट द्यायची राहिली होती. दिली, आणि नाक्यावर उभे राहून मोबाइलवर पान उघडून पाहिले. चहावाल्यालाही दाखवले. तो म्हणाला, "अच्छा, चलो, बढ़िया."

कंपनी परत गेल्यावर मी विचारले, "सर, फुकट काहून द्यायचं?"

सर म्हणाले, "ज्यांनी हे लिनक्स लिहिलं, त्यांनी मला विचारलं का, तू कोण, किती शिकला? मग मी कुंडमवाल्याला काहून विचारू?"

साइटसाठी केलेले आमचे सगळे लिखाण, म्हणजे कोड, सरांनी कोणालाही वाचता येईल असे नेटवर उघडे ठेवले, आणि त्यावर स्वतःच्या आधी माझे नाव घातले. इथे हैदराबादला मुलाखतीत मार्कशीट मागितली, ती कुठून आणणार? मी लिंक दिली. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी बसल्या जागी वाचले आणि नोकरी दिली. विकले असते तर ते कुलपात असते, हे मला समजते. म्हणून मी भांडण हरलो, असे सरांनी समजू नये.

आता गेल्या महिन्यात सर म्हणतात, "इन्व्हर्टरची बॅटरी गेली. लाईट गेली की साइट बंद. पेन्शनीत किती ओढू? जाहिराती मी लावणार नाही. बंदच करतो."

मी पैसे पाठवायचे काढले, तर नाही म्हणाले.

सर, कुठला कोण अनोळखी माणूस आपल्या कोडात दुरुस्ती करून पाठवतो, ती आपण त्याचे नाव-गाव न विचारता घेता. मग माझ्याच पैशांना काहून नाही? हीसुद्धा दुरुस्तीच समजा. कुंडमची माणसे स्टँडवर ताटकळू नयेत, एवढेच आपल्याला हवे आहे ना?

आपली तब्येत ठणठणीत राहो, काकूंची सोबत राहो, आणि माझ्याशी भांडायला आपल्याला पुष्कळ वर्षे मिळोत. बॅटरीसाठी चौदा हजार रुपये पाठवून राहिलो आहे.