हातावर दही, थेट ओसाका

१९९६ साल. माझं वय त्रेसष्ट. त्या साली मी मुलाला गाडीवर पोचवायला टोकियोच्या स्टेशनात गेलो आणि ओसाकापर्यंत पोचवून आलो.

असं सांगितलं की लोक म्हणतात, काय माया आहे बापाची! माया-बिया काही नाही. मला उतरता आलं नाही.

आमचा प्रशांत तेव्हा टोकियोत कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. हिगाशी-कसाई भागात चौथ्या मजल्यावर त्याचं बिऱ्हाड. मी बार्शीचा. पिठाची गिरणी चालवून पोराला इंजिनिअर केलेला माणूस. माझी शाळा दुसरीपर्यंत. (दुसरीत दोनदा बसलो, तेव्हा तशी तिसरीच धरा.) सूनबाईला, म्हणजे अंजलीला, सातवा महिना लागलेला. आमच्या मंडळींनी विमानाचं नाव काढताच अंथरूण धरलं, म्हणून मदतीला मी एकटा गेलो. मदत म्हणजे काय, तर दोन वेळा चहा मागायचा आणि कचऱ्याच्या पिशव्या चुकीच्या वारी खाली नेऊन ठेवायच्या.

त्या दिवशी प्रशांतचं ओसाकाला काम होतं, आणि ते साधंसुधं नव्हतं. त्याने केलेलं काहीतरी तिथल्या एका कंपनीला कॉम्प्युटरवर दाखवायचं होतं. त्यांना पटलं तर कंत्राट पुढे चालू. नाही पटलं तर महिनाअखेरीला बिऱ्हाड गुंडाळून परत. अंजलीने इथल्या दवाखान्यात नाव घातलेलं. आणि मी? मी बार्शीत घरोघर सांगून ठेवलं होतं की पोरगा जपानात कायमचा झाला!

आता एवढ्या कामाला पोरगा निघालाय, तर हातावर दही-साखर नको? आमच्याकडे दहावीच्या पेपरापासून मुलगी बघायला जाईपर्यंत, दह्याशिवाय उंबरा कुणी ओलांडलेला नाही. पण प्रशांत घाईत.

"आप्पा, आत्ता नको. कोटावर सांडेल."

"सांडायला मी काय लहान आहे?"

"परत आल्यावर खातो."

"परत आल्यावर दही खाऊन काय उपयोग? मी येतो स्टेशनावर. तिथं देतो."

"आप्पा, तिथं कुणी असं देत नाही हो!"

"म्हणूनच त्यांची कामं अडत असतील," मी म्हणालो. (त्या देशात कुणाचंच काही अडलेलं मी पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.)

अंजलीने मुकाट्याने डबीत दही घालून दिलं. थंडीत तिचं विरजण घट्ट लागत नव्हतं, दही ताकासारखं पळत होतं. ती म्हणाली, "आप्पा, झाकण नीट दाबून धरा." मी म्हणालो, "पोरी, मी पस्तीस वर्षं गिरणी चालवली." गिरणीचा आणि झाकणाचा काय संबंध, हे तिने विचारलं नाही. गुणी पोर.

स्टेशनात प्रशांतचे साहेब आधीच येऊन उभे. मोरिता-सान. (सान म्हणजे आपलं राव.) माझ्याच वयाचे, अंगाने बुटके, पण सरळ, नीटनेटके, अंगातल्या कोटाला एक चुणी नाही. मी धोतर, टोपी आणि वरून अंजलीने घेतलेला निळा स्वेटर. प्रशांतने मला फलाटापुरतं तिकीट काढून दिलं आणि बजावलं, "इथूनच हात करा. आत यायचं नाही." ते दोघे आत जाऊन बसले.

मी खिडकीपाशी गेलो. खिडकीतून हात घालून दही द्यावं म्हटलं, तर खिडकीला गज नाहीत, आणि ती उघडतही नाही! मी काचेवर टकटक केलं. डबी दाखवली. प्रशांत आतून हाताने नको-नको करत होता. मोरिता-सानना वाटलं, मी निरोप देतोय. त्यांनीही हात हलवला.

तेवढ्यात फलाटावर घंटा वाजली. आता आमच्याकडे घंटा वाजली म्हणजे माणसं चहा सांगतात. मग गार्ड येतो, झेंडी शोधतो, इंजिन ओरडतं, कुणीतरी पळत येतं, तेव्हा कुठे गाडी विचार करायला लागते. म्हणजे भरपूर वेळ होता. मी आत गेलो.

"आप्पा! उतरा!" प्रशांत उभाच राहिला.

"हात पुढे कर."

"अहो उतरा आधी!"

"आधी हात!"

"द्या, द्या, लवकर द्या!" बिचाऱ्याने हात पुढे केला. मी चमच्याने दही घातलं, वर साखरेची पुडी सोडली आणि "यशस्वी हो" म्हणालो. चांगलं सावकाश म्हणालो. आशीर्वाद काय घाईत द्यायचा असतो?

मग खिडकीबाहेर पाहिलं, तर फलाट चालला होता. धक्का नाही, आवाज नाही, काही नाही! गाडीने माणसाला निदान एक हिसका द्यायला नको?

"अरे थांबवा!" म्हणून मी गरकन वळलो. प्रशांतने मला धरायला हात घातला. डबी हवेत गेली आणि उरलेलं सगळं दही प्रशांतच्या नव्या काळ्या कोटावर, गळ्यापासून खिशापर्यंत, पसरलं.

डबा एकदम गप्प झाला. तसा आधीही गप्पच होता, पण आता ती शांतता माझ्याकडे बघत होती.

"साखळी कुठाय?" मी वर बघत विचारलं.

"साखळी नसते, आप्पा."

"बिनसाखळीची गाडी? मग माणसानं उतरायचं कसं?"

"स्टेशन आल्यावर."

"पुढलं स्टेशन कुठलं?"

"नागोया."

"ते किती लांब?"

प्रशांतने रुमालाने दही पुसत (म्हणजे अजून पसरवत) सांगितलं, "पुण्याहून मुंबईला जायचं आणि परत यायचं. तेवढं."

मी शेजारच्या रिकाम्या जागेवर बसलो.

तिकीट तपासनीस आला. माझ्याजवळ फलाटाचं तिकीट. आता आवाज चढणार, असं म्हणून मीही छाती पुढे काढून बसलो. तर तो गृहस्थ टोपी काढून माझीच माफी मागायला लागला! विनातिकीट मी, आणि ओशाळतोय तो. मोरिता-साननी खिशात हात घालून माझं तिकीट काढलं. "आपले आपण देऊ," मी प्रशांतला म्हणालो. माझ्याजवळ होता एक चमचा.

"मी नागोयाला यांच्याबरोबर उतरतो," प्रशांत इंग्रजीत साहेबांना म्हणाला असावा, कारण मोरिता-साननी मान हलवून नाही म्हटलं.

"कशाला कोण उतरतंय?" मी मध्येच म्हणालो. "मला बसवून दे परतीच्या गाडीत. जाईन मी एकटा."

"पाट्या कशा वाचाल?"

यावर मी खिडकीबाहेर बघू लागलो. तिकडची अक्षरं मला येत नव्हती. (घरचीही जेमतेम.) मोरिता-सान काहीतरी हळू बोलले. प्रशांतने सांगितलं, "साहेब म्हणतात, वडिलांना ओसाकाला घेऊन चला."

आणि मग त्यांनी स्वतःचा कोट उतरवून प्रशांतच्या हातात दिला. प्रशांत माझ्यासारखा ताडमाड. त्या कोटाच्या बाह्या त्याच्या मनगटाच्या चांगल्या वर थांबल्या. लग्नात मोठ्या भावाचा सदरा घातलेला पोरगा असतो ना, त्याच्या उलट दिसत होता. पण दह्यापेक्षा बरा.

"आणि साहेब?"

"बिनकोटाचं गिऱ्हाइकासमोर जाता येत नाही, आप्पा. साहेब खाली थांबतील. मी एकटा जातो वर." मग तो म्हणाला, "बोलायचं काम साहेबच करणार होते. माझी जपानी अजून अर्धीच आहे."

हे त्याने चिडून म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. तो नुसता म्हणाला. मला तोंड कुठे लपवावं ते कळेना, आणि त्या गाडीत लपायलाही जागा नाही, सगळीकडे उजेड!

ओसाकाच्या त्या कंपनीत प्रशांत कागद छातीशी धरून लिफ्टमध्ये शिरला. खाली दर्शनी दालनात आम्ही दोन म्हातारे उरलो. प्रशांत मला सांगून गेला होता, "आप्पा, पाया पडतो. इथून हलू नका."

मी हललो नसतो हो! पण मोरिता-सान तो दह्याचा कोट घेऊन बेसिनकडे गेले. बराच वेळ झाला, येईनात. बघायला गेलो, तर हा एवढा मोठा साहेब शर्टाच्या बाह्या दुमडून, ओल्या कागदाने माझं दही टिपतोय. थेंब-थेंब. नखाने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी घाण, आणि हा देवमाणूस निस्तरतोय!

तिथंच "चुकलो" म्हणून हात जोडले असते तर निभावलं असतं. पण मी कोट त्यांच्या हातून ओढून घेतला. "तुम्ही व्हा बाजूला," मी मराठीतच म्हणालो. दही काय टिपून जातं? मी अख्खा कोट नळाखाली धरला. हात धुवायचा साबण त्यावर ओतला. चोळला, बडवला, आणि मग घोंगडी पिळतात तसा दोन्ही हातांनी पिळला. मोरिता-सान "आ... आ..." करत हात पुढे करत होते. मला वाटलं, कौतुक करतायत. अजून एक पीळ दिला.

दही गेलं. शंभर टक्के गेलं. पण कोट उलगडला तेव्हा एक बाही लांब, एक बाही आखूड, अस्तर बाहेर लोंबतंय, आणि गळा सहावीतल्या पोराला नीट बसेल असा. म्हटलं, झटकला की सरळ होईल. बेसिनपाशी झटकायला जागा नाही म्हणून बाहेर दालनात आलो आणि बार्शीच्या गच्चीवर झटकतात तसा, दोन्ही हात वर करून, फटकारला!

नेमकी तेव्हाच लिफ्ट उघडली. पुढे त्या कंपनीचे मोठे साहेब. मागे आमचा प्रशांत. कोटातलं पाणी जे उडालं ते थेट साहेबांच्या चष्म्यावर.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि माझ्याकडे पाहिलं. टोपीपासून धोतरापर्यंत. मग त्यांनी काहीतरी विचारलं. काय विचारलं ते कळायला भाषा यावी लागत नाही. प्रशांतचा चेहरा तर पांढराफटक. तो तोंड उघडणार, तेवढ्यात नुसत्या शर्टावर उभे असलेले मोरिता-सान पुढे झाले आणि काही शब्द बोलले. मोठे साहेब "हं" म्हणाले आणि वर निघून गेले.

परतीच्या गाडीत मला खिडकीकडे बसवलं होतं, वर्गातल्या वाह्यात पोराला बसवतात तसं, दोघांनी अडवून. ओला कोट माझ्या मांडीवर एका पिशवीत होता आणि माझं धोतर हळूहळू भिजत होतं. मी हूं की चूं केलं नाही. म्हटलं, भिजू दे. तेवढी तरी शिक्षा होऊ दे.

संध्याकाळी घरी टेकतोय तोच फोन वाजला. प्रशांतने घेतला. "हाय, हाय" करत राहिला. (तिकडे ते "होय" म्हणायला वापरतात.) अंजली भिंतीला धरून उभी. फोन ठेवून तो मटकन खाली बसला.

"झालं. पुढचं कंत्राट दिलं त्यांनी."

अंजली रडायला लागली. मीही डोळे पुसले आणि सवयीने म्हणालो, "बघ! दही दिलं होतं म्हणून—" अंजलीने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं.

मग मी हळूच विचारलं, "पशा, तिथं खाली मोरिता-सान काय बोलले रे?"

"त्या साहेबांनी विचारलं, हे कोण? मी सांगणारच होतो, माझे वडील. तर मोरिता-सान म्हणाले, हे माझे पाहुणे आहेत, माझ्याकडून व्यवस्थेत कसूर झाली, माफ करा."

"म्हणजे सगळं त्यांनी स्वतःवर घेतलं?"

"हो, आप्पा."

भात पुढे आला, पण माझं लक्ष त्या पिशवीतल्या कोटाकडे. आयुष्यात कितीतरी जणांना मी तोंडावर सुनावलंय. पण माझ्यासाठी परक्या माणसाने, परक्या दारात, नसलेली चूक कबूल करावी? आणि त्याच्या बदल्यात मी काय दिलं, तर पिळलेला कोट! तोही प्रशांतचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, स्वच्छ टोपी घालून मी प्रशांतबरोबर कोतो भागातल्या त्याच्या कचेरीत गेलो. माफी मागायला. तोंडाने काही बोलू नका, नुसतं वाका, असं त्याने वाटेत दहादा बजावलं होतं. मोरिता-सान समोर आले. मी कमरेतून वाकलो, अगदी मनापासून. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू? पण वर बघतो तर ते माझ्याहून खाली वाकलेले! अरे, चूक माझी, आणि हे माझ्याहून खाली? मी आणखी वाकलो. ते आणखी. मी म्हटलं, आज काही झालं तरी यांना जिंकू द्यायचं नाही, आणि थेट गुडघ्यापर्यंत वाकलो. कमरेत कट्कन आवाज झाला.

मोरिता-सान सरळ झाले. मी नाही झालो. मला तसाच, कमरेत दुमडलेला, प्रशांतने दंडाला धरून बाहेर काढलं. व्हरांड्यात भेटेल तो माणूस, लिफ्टमधल्या बाया, दारावरचा पहारेकरी, सगळे मला उलट वाकून नमस्कार करत होते. त्या सकाळी अख्ख्या टोकियोत माझ्याइतका नम्र म्हातारा दुसरा नसेल. काय करणार! सरळच होता येईना.