जावईबापूंनी बांधलेला एसी

आमच्या घरचे जावई, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, सावद्याचे केळीवाले. त्यांनी आमच्या एसीचं बाहेरचं मशीन कसं बांधलं ते आठवलं, की आजही मला स्वतःच्याच घराची शिसारी येते.

घर धुळ्यात, अरुंद गल्लीत. मशीन वरच्या मजल्याच्या भिंतीवर, आणि त्याच्या बरोबर खाली अक्कांची खाट. अक्का आमच्या शेजारच्या एका खोलीत एकट्या राहतात. दुपारी त्यांचा पत्रा असा तापतो की आत बसवत नाही, आणि गल्लीत सावली म्हणाल तर आमच्या भिंतीची तेवढी.

मे महिन्यात फिटर सर्व्हिसिंगला आला. त्याने स्टँड हाताने हलवून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, दोन बोल्ट भिंतीतून सुटत आलेत. जोराचा वारा आला तर हे खाली येईल. नवे ठोकतो, अर्ध्या तासाचं काम."

नेमके तेव्हा जावईबापू मुक्कामाला! "बोल्ट कसले, वहिनी? वाऱ्याचं आम्हाला विचारा," म्हणत त्यांनी फिटरला वाटेला लावलं. गाडीतून प्लास्टिकची पट्टी काढली. वाऱ्याने केळी लोळू नये म्हणून झाडाला बांधतात ती. ती मशीनभोवती गुंडाळून गच्चीच्या कठड्याला बांधली, आणि वर मुद्दाम ढिली ठेवली. म्हणे, "थोडं हलू द्यायचं. हललं की मोडत नाही."

अहो, केळीला मूळ असतं! या लोखंडी धुडाला कुठलं मूळ? मी तसं म्हणालेही. आमच्या यांनी माझ्यावर असे डोळे वटारले की मी मुकाट्याने रसाच्या वाट्या भरायला गेले.

पाहुणे गेल्यावर मी यांना म्हटलं, "आता तरी फिटरला बोलवा."

"जावयाने बांधलेलं सोडायचं? ताईला कळलं तर काय वाटेल तिला?"

"आणि खाली अक्का झोपतात, त्यांचं काय?"

"काही होत नाही गं," म्हणून यांनी एसी लावला. मेला तो जावयाचा मान! पण गारव्यात मीही पाय पसरलेच की. खोटं कशाला बोलू?

आठ दिवसांनी भरदुपारी वादळ उठलं. सगळीकडे धूळच धूळ. नाकातोंडात माती जायला लागली म्हणून अक्का गोधडी उचलून आत गेल्या, आणि थोड्याच वेळात धाडकन आवाज झाला. वारा पडल्यावर मी गच्चीतून वाकून पाहिलं. स्टँडचा एक पाय भिंतीतून उपटून आला होता, मशीन पट्टीत तिरपं लटकत होतं. खाली खाटेच्या उशाला विटेएवढं प्लास्टर आणि त्यात एक बोल्ट.

यांनी पहिला फोन कुणाला करावा? सावद्याला! आणि काय तो लाडिक आवाज! "तुमची पट्टी होती म्हणून वाचलं हो, नाहीतर गेलंच होतं मशीन!" पलीकडून हुकूम आला, रविवारी येतो, दुसऱ्या बाजूनेही बांधतो, तोवर कुणी हात लावू नका. हे मान डोलवत होते.

मी तरातरा खाली गेले. कुणाला काय वाटायचं ते वाटो, मी आत्ताच फिटरला बोलावते, असं अक्कांना सांगायचं ठरवूनच गेले होते. तोंडातून निघालं ते असं: "अक्का, रविवारी जावई येताहेत. तेव्हा नीट बांधतील."

अक्कांनी एकदा वर पाहिलं. मग उशाकडचं प्लास्टर हाताने झटकून टाकलं.

"ऱ्हाऊ द्या बाई, जावईले कसाले नाराज करतस? मीच खाट तिकडे लई जासू."

तिकडे म्हणजे गटारीच्या कडेला, डोक्यावर ऊन.

खाट एका बाजूने त्यांनी उचलली, दुसऱ्या बाजूने मी.