बुर्गाने बांधलेलं पुष्पचक्र

आमच्या नेकार नदीकाठच्या गावात पुष्पचक्र बांधणारी एकच बाई, बुर्गा. माळीण. नखांत सदा माती, आणि तोंड असं की गिऱ्हाइकाने भाव विचारताना आधी टोपी काढावी.

युद्धाच्या चौथ्या वर्षी चौकातला कवीचा पुतळा वितळवून तोफा ओतायचा हुकूम आला. बुर्गाचा बाप गेबहार्ट लोहार, पुतळा उतरवायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. त्याने कवीचं मुंडकं कापून घरी आणलं आणि कोबीच्या वाफ्यात पुरलं. सांगितलं एकालाच, गायनमंडळातल्या जोडीदाराला, कुनो हाउगला. आठवडा उलटायच्या आत पोलीस आले. ना घर तपासलं, ना तळघर. फावडं घेऊन सरळ वाफ्याशी गेले. गाडीत चढताना बाप म्हणाला, "बुर्गे, मी फक्त कुनोला बोललो होतो गं." तो तुरुंगातच मेला. मुंडकंही वितळलं.

युद्ध संपल्यावर वर्गणी काढून नवा पुतळा उभा राहिला आणि स्मारक समितीचा अध्यक्ष झाला हाउग. लाकडाच्या वखारीवर चांगलाच फुगला होता. दर नोव्हेंबरला कवीच्या वाढदिवशी तो पुष्पचक्र वाहायचा आणि भाषण ठोकायचा, की कवीचं मस्तक लपवायला आपण कसे जिवावर उदार झालो होतो. बुर्गा खरं सांगायला गेली की लोक पुरावा मागत. पाद्रीबाबांनी क्षमा करायला सांगितलं, तर म्हणाली, क्षमा तुमच्या दुकानातला माल, मी फुलं विकते.

बारीकसारीक सूड ती घेतच होती. एका वर्षी तिने फांद्यांत काटेरी पानं दडवली, हाउगची बोटं रक्ताळली. पुढच्या वर्षी तो हातमोजे घालून आला, तर चक्रात मांजराने मुतलेलं गवत. भाषणभर बिचारा नाक मुरडत होता.

मग नगरपालिकेने ठरवलं, कवीचं मस्तक लपवणाऱ्या कुनो हाउगच्या नावाची कांस्याची पाटी चौथऱ्यावर बसवायची, वाढदिवसालाच. बापाचं धाडस चहाडखोराच्या नावावर कायमचं ओतलं जाणार होतं. ते ऐकल्यापासून बुर्गा शिव्या द्यायचीही थांबली.

आमच्याकडे चक्राला रुंद रेशमी फीत असते, दोन शेपटांची. एकावर कुणासाठी, दुसऱ्यावर कुणाकडून; अक्षरं बुर्गाच काढते. वाहणारा चक्र टेकवतो, वाकून दोन्ही शेपटं आपल्या हाताने सरळ करतो, म्हणजे लोकांना वाचता येतात, आणि मागे सरून मान लववतो. त्याशिवाय वाहिलं असं कोणी धरत नाही. मजकूर तो स्वतः कधी वाचत नाही. दर वर्षी तोच असतो, वाचायचं काय त्यात.

त्या वाढदिवशीही चक्र टेकवून हाउग वाकला. रुबाब जातो म्हणून चारचौघांत तो चष्मा लावत नसे. डावं शेपूट सरळ केलं, उजवं केलं, सुरकुतीवरून अंगठा फिरवला, मागे सरला. सोनेरी अक्षरं चौकभर दिसली. 'कवीचं मस्तक पुरणाऱ्या गेबहार्टला.' आणि शेजारी, 'पोलिसांना वाफा दाखवणाऱ्या कुनो हाउगकडून.'

आम्ही गायनमंडळी गायला तोंडं उघडून होतो, ती तशीच राहिली. हाउगला ही शांतता आदराची वाटली, मान खाली घालून तो आणखीच ताटकळला. शेवटी त्याच्या बायकोने कोट ओढून कानात वाचून दाखवलं.

"काढ ती फीत, बुर्गे."

"मी कशी काढू हाउगसाहेब? वाहिलंत तुम्ही. वर हाताने सरळबिरळ केलंत."

"खोटं आहे हे."

"मग म्हणा ना. माझ्या बापाच्या मरणाची शपथ घेऊन म्हणा, सगळे आहेत इथे."

हाउगने आमच्याकडे पाहिलं. आमच्यातले निम्मे गेबहार्टच्या शेजारी उभे राहून गायलेले. "मला नुसतं विचारलं होतं त्यांनी," तो पुटपुटला, "कुठंय म्हणून."

पाटी न उघडताच, झाकल्या कापडासकट परत गेली. चक्र मात्र जागेवरच राहिलं, कारण ते वाळल्याशिवाय आमच्याकडे कोणी उचलत नाही. बुर्गाने वापरल्या होत्या रुपेरी देवदाराच्या फांद्या, थंडीत झडतच नाहीत. हाउगला वखारीत जायला चौकाशिवाय वाट नव्हती.

नाताळ सरल्यावर मीच तिला म्हणालो, आता पुरे कर गं, म्हातारा झालाय तो.

"माझ्या बापाला म्हातारं होता आलं नाही," ती म्हणाली, आणि फांद्यांवर पाणी शिंपडायला झारी घेऊन निघाली.